वीस हजारांच्या पुढचे अठरा भागाकार

तुळशीराम,

परवा दुपारी तो आकडा मोडला. उन्हामुळे अमरावतीची शाळा सकाळची आहे, दुपारी वर्ग रिकामा असतो. तिथे खिडकीशी पाटी घेऊन बसलो होतो. अठराव्या भागाकाराला बाकी उरली नाही. आधी वाटले, हातचा चुकला. पुसून पुन्हा केला. पुन्हा उरली नाही. तू जाऊन त्या दिवशी चौदा दिवस झाले होते.

तुला वाचता येत नव्हते, आकडे तेवढे येत. म्हणजे तू असतास तरी हे मला वाचूनच दाखवावे लागले असते. आज निदान तुझ्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. मी तुला एक खोटे सांगितले होते, ते यात कबूल करायचे आहे. पण मास्तर माणूस, उत्तर आधी आणि रीत नंतर असे मला लिहिता येत नाही. क्रमाने सांगतो.

आपली ओळख माझ्या गादीमुळे झाली. अमेरिकेत लढाई जुंपली आणि इथे कापसाचा भाव असा चढला की लोक अंगाखालच्या गाद्या उसवू लागले. पुण्याकडून नुकताच बदलून आलेला मीही त्यातलाच. एका सकाळी गादीतला कापूस गाठोड्यात बांधून अमरावतीच्या बाजारात आणला. तिथे मोठ्या काट्यापाशी वलगावचा एक माळी तोलारी म्हणून उभा होता, तो तू. गाठोडे उचललेस, हुंगलेस आणि म्हणालास, "मास्तर, याले सरकीचा वास नाई, माणसाचा वास येते." बाजार हसला. मी रागाने पाय आपटत परत आलो आणि पुढची तीन वर्षे घोंगडीवर झोपलो. त्याआधी गाठोडे मात्र तू तोलून दिलेस आणि मी ते विकले. काटा स्थिर झाल्यावर म्हणालास, "लाभ."

मला वाटले, मलाच काही आशीर्वाद देतो आहेस. मग लक्षात आले, तू मोजत होतास. तुमच्यात तोल मोजताना 'एक' म्हणत नाहीत. लाभ, दोन, तीन, चार. पहिला तोल देवाचा, त्याला आकडा लावायचा नाही. ही रीत आमच्याकडेही धान्य मापताना आहे, पण तुझ्या तोंडात ती इतकी बसली होती की 'एक' हा शब्द मी तुझ्याकडून कधी ऐकला नाही.

तुझ्या अडत्याकडे आणखी एक रीत होती. हंगामातल्या गाठींवर तेलात कालवलेल्या काजळीने ओळीने आकडे घालत. अकरावी गाठ आली की तिला हळदकुंकू. मग एकशे अकरावीला, मग अकराशे अकरावीला. नुसत्या लाभांची, म्हणजे जिच्या आकड्यात सगळे एकच एक आहेत अशी गाठ शुभ. त्या वर्षी अकराशे अकरावी लवकरच निघून गेली आणि अडत्या अकरा हजार एकशे अकरावीची वाट पाहू लागला. सगळ्या बाजारात तेव्हा आकड्याला एकच प्रश्न विचारत, उद्या किती होशील. तू दुसराच प्रश्न विचारलास. या गाठी गाड्यांवर सारख्या वाटता येतील का? एकशे अकरा गाठी असल्या तर तीन गाड्या, प्रत्येकीवर सदतीस. अकराशे अकरा असल्या तर एकशे एक गाड्या, प्रत्येकीवर अकरा. एका गाडीवर सदतीस गाठी घालून बैल मारायचे आहेत का, असे मी विचारले. तू म्हणालास, बैल नाहीतच, गाठीही नाहीत, आकडा तेवढा आहे. मी तुझ्याकडे नीट पाहिले ते त्या दिवशी.

मग तुला नाद लागला आणि मलाही. तू वलगावहून येताना वांगी आणायचास, मी पाटी काढायचो, शाळेच्या ओट्यावर बसायचो. ओळीने पाच एक मांडले तर ते एक्केचाळिसाने मोडतात, म्हणजे बाकी न उरता भागले जातात, हे तू शोधलेस. सात एक मोडत नाहीत, असे मी ठासून सांगितले आणि आठवड्याने तू दोनशे एकोणचाळीस घेऊन आलास. मी भागून पाहिले, गेले.  तू वांग्यांची टोपली माझ्याकडे सरकवून निघून गेलास, जिंकल्याची एक खूणही दाखवली नाहीस. मला ते जास्त लागले.

नियमही तुझाच. जो भाजक स्वतः मोडत नाही तो घ्यायचा आणि ओळीने किती एक मांडले की त्याचा पूर्ण भाग जातो ते पाहायचे. सातला सहा एक लागतात. तेरालाही सहाच. सदतिसाला तीन, एक्केचाळिसाला पाच, दोनशे एकोणचाळिसाला सात. मग तू तोलाऱ्यासारखा हात हलवून म्हणालास, "आता याच्यातला लाभ बाजूले काढा." सातातून एक गेला, सहा राहिले, त्यात सहा एकदा. तेरातून गेला, बारा, त्यात सहा दोनदा. छत्तिसात तीन बारा वेळा, चाळिसात पाच आठ वेळा, दोनशे अडतिसात सात चौतीस वेळा. देवाचा एक वेगळा ठेवला की उरलेल्यात एकांची संख्या बरोबर बसते. मी शाळेत आणि पुढे पुण्याला माझ्या गुरुजींकडे गणितात अकरा वर्षे घालवली, त्यात ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. तुला ती सांगायला काट्यावरची सवय पुरली.

मी काय केले ते तुला आठवत असेल. मी तीन पुढे केला. तिनाला तीन एक लागतात. तिनातून लाभ काढला की दोन उरतात, दोनात तीन बसत नाहीत. नियम मोडला. तू आठ दिवस आला नाहीस. आलास तेव्हा म्हणालास, तीन सोडून. मी म्हणालो, ज्यात 'सोडून' आहे त्याला नियम म्हणत नाहीत.  तुमच्या काट्याची पारडी कधी सारखी नसतात, हलक्या बाजूला धडा म्हणून एक दगड बांधावा लागतो. तू म्हणालास, "काट्याले बी धडा लावा लागते, मास्तर. मंग काटा खोटा झाला काय?"

मी कारण मागत राहिलो. सात-आठ आकड्यांना नियम लागला म्हणून सगळ्यांना लागेल कशावरून? तू म्हणायचास, काहून नाई लागणार? यावर आपण एक अख्खा उन्हाळा भांडलो. मी कारण मागत होतो ते बरोबरच होते, अजूनही माझे तेच म्हणणे आहे. पण कारण मिळेपर्यंत नियमाचा अपमान करायची गरज नव्हती. तो मी केला.

तुझे मागणे फार छोटे होते. पुण्याच्या माझ्या गुरुजींना पत्र लिहा म्हणालास. नाव नको, मोठेपणा नको. "दुसऱ्या कोणाले हे ठाऊक हाय का, एवढं फक्त इचारा." मला लाज वाटली. तोलाऱ्याचा नियम, कारण नसलेला, त्यात तिनाचा अपवाद, असे पत्र गुरुजींनी वर्गात वाचून दाखवले तर? म्हणून मी अट घातली. अकरा एक घे. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लक्ष अकरा हजार एकशे अकरा. तुझ्या नियमाने तो मोडून दाखव, त्याच दिवशी पत्र लिहितो. तो आकडा मोडणार नाही अशी माझी खात्री होती. खात्री कशावरून, हे मला कोणी विचारले नाही.

नियमाप्रमाणे भाजकातून लाभ काढला की अकराचा भाग जायला हवा, आणि भाजक विषम हवा. म्हणजे तेवीस, मग बावीस-बावीसच्या उड्या. पंचेचाळीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, असे वर. पाचावर संपणारे सोडले, तीन आणि सातच्या पाढ्यातले गाळले, तरी पुष्कळ उरतात. आपण वाटून घेतले. एक आणि तिनावर संपणारे तुझे, सात आणि नवावर संपणारे माझे. शेवटी लाभ असलेले तू हट्टाने स्वतःकडे ठेवलेस. पन्नास हजारांपर्यंत जायचे, नाही मिळाले तर पुढचे मग पाहू, असे ठरले.

त्यानंतर माझी अकोल्याला बदली झाली. निघताना तू शाळेच्या दारात उभा होतास.  रूळ अजून अकोल्यापर्यंत आले नव्हते. अमरावतीच्या गाठी गाड्यांनीच पश्चिमेला जात आणि वाटेत अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी मुक्काम करत. तू गाठीच्या एका कोपऱ्यात अडत्याच्या खुणेखाली बारीक अक्षरात आकडा घालायचास, तू कुठपर्यंत आलास तो. मी शाळा सुटली की नदीवर जाऊन गाठी तपासायचो. गाडीवानांना वाटे मी सरकारी माणूस. मग परतीच्या रिकाम्या गाडीच्या फळीवर मी खडूने माझा आकडा लिहायचो. वर कुठपर्यंत आलो ते, खाली सापडले ते. खाली नेहमी शून्य.

तुझे आकडे दर पंधरवड्याला दोन हजारांनी वाढत. माझे आधी वाढले, मग रेंगाळले. एकोणीस हजार आठशे एकोणनव्वद हा माझा शेवटचा भागाकार. त्यानंतर शाळा तपासायला साहेब येणार म्हणून पंधरा दिवस गेले, मग मला ताप आला, मग कंटाळा. कंटाळाच खरा. माझ्या मनाने आकडा मोडत नाही हे आधीच ठरवले होते, आणि जे ठरलेले आहे ते शेकडो वेळा तपासायचे कशाला? तुझी गाठ आली, तिच्यावर पन्नास हजार. मी नदीवर उभा होतो, गाडीवान सुभानभाई बैल जुंपत होता, फळी समोर होती. मी पन्नास हजार लिहिले आणि खाली शून्य काढले.

हेच ते खोटे, तुळशीराम. पाच आकडे आणि एक शून्य. लिहायला एक श्वास लागला. वीस हजारांच्या पुढचा एकही भागाकार मी केला नव्हता.

पुढच्या गाठीवर मला वाटले तू थांबला असशील. तिच्यावर बावन्न हजारांचा आकडा होता. म्हणजे तू माझे खरे मानून पुढे निघाला होतास. तेव्हा तरी मी बसायला हवे होते. दोन-तीनदा पाटी घेतलीही. पण आता सापडले तर काय सांगायचे, या भीतीने ठेवून दिली.

सुभानभाईनेच बातमी आणली. फळी माझ्याकडे करून उभा राहिला, मी खडू काढला, तर म्हणाला, "अब किसके लिए लिखते, मास्तर. तुळशीराम गया." पटकी होती, दोन दिवसांत. मी खडू खिशात ठेवला आणि त्याला विचारले, कापसाचा भाव काय चालला आहे. का विचारले ते मला माहीत नाही. तो म्हणाला, लढाई थांबली, भाव पडला. मी बरे म्हणालो.

तेराव्याला वलगावला पोचलो. तुझ्या पत्नी सगुणाबाईंनी मला तुमच्या घराची मागची भिंत दाखवली. मी कधी तिथवर आलो नव्हतो, तू मला कधी बोलावले नव्हतेस आणि मी विचारले नव्हते. भिंत काजळीच्या आकड्यांनी भरलेली. जागा संपली की तू शेणाने सारवून घेत असणार, कारण जुने आकडे खालून दिसत होते. शेवटचा भागाकार अर्धा होता. त्र्याहत्तर हजार त्रेसष्टचा. तीन घरे भागून झाली होती.

त्या म्हणाल्या, आधी त्या चिडायच्या, वांग्याच्या वाफ्याला पाणी कोण देणार म्हणून. एकदा त्यांनीच विचारले, मास्तरनं नीट पाह्यलं असन ना? तर तू त्यांच्यावर डाफरलास, जो माणूस कधी डाफरला नाही. त्यांनी तुझे वाक्य जसेच्या तसे सांगितले.

"मास्तरनं पाह्यलं म्हणजे पाह्यलं. तो आपल्यावाणी अंदाजानं नाई चालत."

 तेराव्याचे जेवण जेवलो. किती पोळ्या वाढल्या तेही आठवते, दोन. मग सहा कोस अंतर असल्यासारखा चालत अमरावतीला आलो, अंतर तेवढे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इथल्या आपल्या जुन्या शाळेत वीस हजार सत्त्याऐंशीपासून सुरुवात केली. त्याच्या पुढे एकेक. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास हा अठरावा. शेवटी नऊ, माझ्या वाट्याचा. भागाकार आला पाच लक्ष तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. अठरा भागाकार, तुळशीराम, एका दुपारचे काम. त्या दिवशी मोर्णेवर मी खरा आकडा लिहिला असता, तर तू म्हणाला असतास, मास्तर दमले, त्यांचेही मीच करतो. आणि आठवड्यात तुला तो सापडला असता. तू त्या भिंतीवर वीस हजारांहून जास्त मजल मारलीस, ती सगळी नको त्या दिशेने, माझ्या शब्दावर.

काल पुन्हा वलगावला गेलो. सगुणाबाई भेंडी तोडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. आकडा मोडला, नियम बरोबर होता, मी खोटे लिहिले होते. मला वाटले, त्या रडतील किंवा शिव्या देतील. दोन्ही मला चालले असते. त्यांनी हातातली भेंडी टोपलीत टाकली.

"मले काय सांगता, मास्तर? मले त्यातलं काय समजते? त्यायले सांगा."

एवढे बोलून त्या पुढच्या ओळीला गेल्या. म्हणून हे लिहितो आहे. मला दुसरी रीत सुचली नाही.

पुण्याला पत्र आज सकाळी टाकले. वलगावचे तोलारी तुळशीराम यांनी शोधलेला नियम, अशी सुरुवात केली. तुला नाव नको होते, ते मी घातले. तिनाचा अपवाद लिहिला, कारण सापडलेले नाही हेही लिहिले. मी वीस हजारांवर थांबून पन्नास हजार कळवले, हेही लिहिले. गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवावे. शेवटी तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत घातला, दुसऱ्या कोणाला हे ठाऊक आहे का. कदाचित विलायतेत कोणी हे कधीचे लिहून ठेवले असेल आणि कारणही दिले असेल. तसे असले तर मी वलगावला येऊन मोठ्याने सांगेन.

तुझी आठवण मला काम करताना येते, एरवी फारशी येत नाही, हे खरे ते सांगतो. पण या मुलखात मी एकटा आलो होतो आणि आकड्याकडून काही न मागता नुसते त्याच्याकडे बघत बसता येते, हे मला तू दाखवलेस. मी तुला पहिल्या दिवसापासून तू म्हणालो, तू मला शेवटपर्यंत तुमी म्हणालास. ते उलटे हवे होते.

एक गोष्ट राहिली होती, ती पत्र टाकून आल्यावर केली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास आपण तुझ्या नियमानेच शोधला, तेव्हा त्याला नियम लागणारच. पण त्याचा जोडीदार, तो पाच लक्षांचा, आपोआप आला आहे. त्याला आपण निवडले नव्हते. खालचे सगळे भाजक आपण दोघांनी मिळून पाहिलेले आहेत, त्यामुळे तोही पुढे मोडत नाही. पाटीवर तो लिहिला आणि तुझ्यासारखा त्याच्यातला लाभ बाजूला काढला. पाच लक्ष तेरा हजार दोनशे अडतीस उरले. त्याला अकराने भागले.

पूर्ण भाग गेला, तुळशीराम. हे तू बघायला हवे होतेस, आणि माझ्यामुळे तुला बघता आले नाही.